दादाचा ख्रिसमस संपेपर्यंत

आमच्या घरात एक नियम आहे. आधी विश्वास, मग मंजिरी. विश्वास म्हणजे माझा चुलतभाऊ, मंजिरी म्हणजे मी. सायकल आधी त्याला, मग तीच मला. कॉम्प्युटरचा क्लास आधी त्याला, मग मला. दिलसुखनगरच्या त्या क्लासला माझा नंबर लागेपर्यंत तिथे शिकवायची लँग्वेजसुद्धा बदलली होती. असं का, हे विचारायचं नाही. लहानपणी एकदा विचारलं, तर मोठे काका म्हणाले, "नियम आहे म्हणून." नियम का आहे, असं विचारल्यावर मला गच्चीवर पापड राखायला पाठवण्यात आलं.

या एका नियमापायी माझ्याकडे इतके किस्से साठलेत की कॉलेजात मी नुसतं "काल आमचे काका..." म्हटलं तरी मैत्रिणी डब्यातला घास हातात धरून थांबायच्या. पण यंदाच्या डिसेंबराने आधीचे सगळे किस्से मागे टाकले.

विश्वासदादा अमेरिकेत एम.एस. करतो. मलाही तिकडच्या एका युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, फी माफ, वर असिस्टंटशिप. काका म्हणाले, "विश्वास परत येऊ दे. तिकडे मुलींना पाठवण्यासारखं आहे का, ते तो सांगेल. मग बघू." बाबा काकांपुढे बोलत नाहीत. तेही म्हणाले, "बघू." आईने बाबांकडे बघितलं. झालं. एक सेमिस्टर मी पुढे ढकलली. दुसरी जानेवारीत सुरू होणार होती, आणि येणार की नाही ते युनिव्हर्सिटीला वर्ष संपायच्या आत कळवायचं होतं.

दादाची परीक्षा संपली. आता येतो, म्हणून काकूने त्याच्या गादीला ऊनसुद्धा दाखवलं. आणि दादाचा फोन आला, "एवढा ख्रिसमस एन्जॉय करून येतो."

त्याच्या ख्रिसमसमध्ये माझी सेमिस्टर जाणार होती, आणि घरात सगळे म्हणत होते, "करू दे बिचाऱ्याला मजा."

* * *

नारायणगुड्यातल्या आमच्या घरात वर काका-काकू राहतात, खाली आम्ही. फोन वर. रविवारी सकाळी दादाचा फोन येतो, तेव्हा सगळे आंघोळी करून फोनभोवती बसतात. रिसीव्हर आधी काकांकडे, मग काकूकडे, मग बाबांकडे, मग आईकडे. प्रत्येक जण विचारतो, "जेवलास का?" दादा प्रत्येकाला सांगतो, जेवलो. माझ्याकडे येईपर्यंत तो चार वेळा जेवलेला असतो.

त्या रविवारी मी काकूच्या हातातून रिसीव्हर जवळजवळ ओढूनच घेतला.

"दादा, माझं काय?"

"तुझं काय?"

"माझ्या ॲडमिशनचं. काकांना सांग ना काहीतरी. मला कळवायचंय."

"अगं मंजू, सांगतो, आल्यावर सगळं सांगतो. तू आधी हे ऐक. इथे काय स्नो पडतोय! सगळ्या गल्लीत लाइटिंग केलीय, उद्या संध्याकाळी प्रोफेसरांच्या घरी पार्टी आहे. थांब, खिडकी उघडतो. रिसीव्हर बाहेर धरतो. बाबांना दे, ऐकू दे त्यांना बर्फ."

मी रिसीव्हर काकांना दिला. म्हटलं, "बर्फ ऐका."

काकांनी डोळे मिटून ऐकला. मान डोलावली. मग काकूने पदर सावरून ऐकला. बाबांनी ऐकला, आईने ऐकला. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. काकू डोळे पुसत म्हणाली, "किती शांत आहे गं तिकडे. आपल्यासारखं नाही, इथे रिक्षावाल्यांचा कलकलाट."

शेवटी रिसीव्हर माझ्याकडे आला. लाइन केव्हाच कटली होती.

मी कोणाला सांगितलं नाही. एवढं मन लावून ऐकलं होतं सगळ्यांनी.

* * *

मग फोटो आले. पार्टीचे. दादाच्या डोक्यावर लाल टोपी, मागे चमचमणारं झाड, हातात ही मोठी सुरी, आणि पुढ्यात टेबलावर भाजलेली अख्खी टर्की, तंगड्या वर करून.

आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून येतो. काकूने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हा कसला फणस म्हणायचा?"

मी सांगितलं. अगदी आनंदाने सांगितलं.

काकूने फोटो उलटा करून मागची बाजू बघितली. मग म्हणाली, "त्याने खाल्लं नसेल. कापायला सांगितलं असेल त्याला. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकतो तो."

पण फोटो तर सुंदर आला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा होता. म्हणून काकूने त्या पक्ष्यावर बरोबर बसेल असं गणपतीचं स्टिकर आणून चिकटवलं. फ्रेम करून हॉलमध्ये लावला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई हळदीकुंकवाला आल्या, फोटोपुढे थांबल्या, आणि त्यांचा हात छातीकडे गेला. कारण आता फोटोत दादा हसत हसत, हातात सुरी घेऊन, गणपतीवर वाकला होता.

घरात हलकल्लोळ. स्टिकर निघेना. शेवटी बाबांनी एका बेकरीच्या कॅलेंडरवरचा केक कात्रीने कापून त्यावर डकवला. केक जरा लहान पडला.

तर सध्या आमच्या हॉलमध्ये दादा केक कापतो आहे. केकला दोन तंगड्या आहेत.

* * *

मलाही वाटलं, आपणही करू ख्रिसमस. का नाही? आबिड्सला गेले, बेकरीबाहेर ही रांग. बुरख्यातल्या बायका, फुलं माळलेल्या बायका, सगळ्या प्लम केकसाठी उभ्या. मीही घेतला. घरी आणला तर तो निघाला मार्गशीर्षातला गुरुवार. दारात काकू.

"काय आणू लालीस गं?"

"केक."

"अंड्याचा?"

"असेल."

"नक्को बाई. आज घट मांडलाय. विश्वासचं सगळं नीट व्हावं म्हणून मी उपास करते, आणि तू घरात अंडं आणतीस?"

"काकू, तुझा विश्वास तिकडे अख्खा पक्षी कापतोय."

"त्याचं वेगळं आहे. तिकडे थंडी असते. थंडीत अंगाला लागतं काहीतरी."

मी फ्रीज उघडला, त्याच्यासमोर पाट मांडला आणि थंडीत बसून केक खाल्ला. सगळा.

* * *

माझी मैत्रीण पद्मजा. आम्ही दोघींनी परीक्षेचा अभ्यास एकत्र केला, अफझलगंजच्या लायब्ररीत शेजारी शेजारी बसून. तिलाही ॲडमिशन मिळाली. फरक इतकाच, की ती जाणार होती.

तिच्या घरी गेलं की मला पोटात दुखायला लागायचं. दारातच दोन बॅगा, त्यांत गोंगुऱ्याच्या लोणच्याच्या बरण्या, पोडीच्या कोरड्या चटणीचे डबे. तिचे नाना, म्हणजे वडील, सदऱ्यावर तिचा नवा ओव्हरकोट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारत होते, घामाने निथळत. "टेस्टिंग," म्हणाले. मी घरी आले ती रडवेली होऊन. हिच्यापेक्षा मला मार्क जास्त, आणि हिचे वडील कोटाचं टेस्टिंग करतायत. माझे वडील "बघू" म्हणतायत.

व्हिसासाठी मद्रासला जायचं होतं. पद्मजाचे नाना स्वतः आमच्याकडे आले, काकांना म्हणाले, "मैं जाताऊं बच्ची को लेके. आपकी बच्ची को भी ले जातूं. दोनों का काम एक साथ हो जाता."

काका म्हणाले, "हमारे घर में पैले लडका. उनो आता, बोलता, फिर सोचेंगे."

नाना चहा प्याले. बशी खाली ठेवली.

"हमारे घर में जिसकु सीट मिली, उनो पैले."

काका म्हणाले, "अजून चहा घ्या." आतून साखर मागवली. नानांनी साखर आधीच घातली होती.

* * *

आता मुख्य प्रकरण.

दादा येणार जानेवारीत. तेव्हा पौष. पौषात आमच्याकडे मुली बघत नाहीत. माघात लग्न उरकायचं, कारण नंतर काकांच्या म्हणण्याप्रमाणे चांगल्या मुली राहत नाहीत. म्हणजे मुली बघायच्या त्या मार्गशीर्षातच. आणि मुलगा तर ख्रिसमस करतोय.

यावर दादानेच तोड काढली. येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट पाठवली. मुलीला विचारायचे प्रश्न त्यात त्याच्या आवाजात. मुलगी घरी यायची, समोरच्या खुर्चीवर आमचा टू-इन-वन टेपरेकॉर्डर बसायचा. काकूने त्याच्यावरचं विणलेलं कव्हर काढून घेतलं होतं, मुलाने असं झाकून बसू नये म्हणून. सगळ्यांना पोहे दिले की एक बशी त्याच्यापुढेही ठेवली जायची. "मुलाचं म्हणून," काकू म्हणायची.

माझं काम, प्ले आणि पॉज. अमेरिकेत शिकायची लायकी असलेली मी, खुर्चीच्या मागे उभी राहून बटणं दाबत होते. मुलीला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून पॉज. तिचं झालं की प्ले.

दादाला वाटलं असणार की नुसते प्रश्न कोरडे वाटतील. म्हणून त्याने प्रत्येक प्रश्नापुढे आपलं मत आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

पहिली मुलगी काचीगुड्याची. घाबरून अर्धी झालेली.

"नमस्कार," दादा म्हणाला. मागे घंटा वाजत होत्या, कोणीतरी कोरसमध्ये गात होतं. "तुमच्या आवडीनिवडी सांगाल का?"

पॉज.

"तशा काही नाहीत," मुलगी म्हणाली.

प्ले.

"अरे वा, मलाही."

मुलीचे वडील काकांना म्हणाले, "मुलगा साधा दिसतोय."

* * *

दुसरी मुलगी आली ती वेगळी होती. इंजिनिअर, सरळ बसणारी. तिला दादाने विचारलं, "लग्नानंतर नोकरीबद्दल तुमचं काय मत आहे?" ती म्हणाली, "मी नोकरी सोडणार नाही. तुम्हाला चालेल का?"

दादा म्हणाला, "छान. आता एखादं गाणं म्हणा."

ती गायली नाही. माझ्याकडे वळली. "जरा मागे घेता का? घंटा वाजतात तिथे."

मी मागे घेतलं. तिने कान जवळ नेला. घंटांच्या मागे एका बाईचा आवाज दादाला नावाने हाक मारत होता आणि खळखळून हसत होता.

"हे कोण?"

काका म्हणाले, "टीव्ही असेल."

काकूने त्याच वेळी सांगितलं, "प्रोफेसरांच्या आई."

ती मुलगी पोह्यांची बशी बाजूला ठेवत म्हणाली, "प्रोफेसरांच्या आईचा आवाज बराच तरुण आहे." आणि माझ्याकडे बघून हसली. यंदा घरात आलेल्या सगळ्या माणसांत मला तीच आवडली. अर्थात तिकडून नकार आला. काकू म्हणाली, "बरं झालं. कान फार तिखट होते."

* * *

ख्रिसमस झाला. दादाचा फोन आला. प्रोफेसरांनी त्याला स्वेटर दिला, कोणी मफलर दिला, आता न्यू इयरला मित्रांबरोबर कुठेतरी डोंगरात जाणार आहे, स्कीइंगला, म्हणून आणखी थोडं थांबतो. काका म्हणाले, "सावकाश ये." माझ्यासाठी निरोप होता, "मंजूला सांगा, तिच्यासाठी एक मोठं सरप्राइज पाठवतोय."

मला वाटलं, त्याने काकांना पत्र लिहिलं. मुलींना पाठवण्यासारखं आहे म्हणून. मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. युनिव्हर्सिटीला पाठवायचा फॅक्ससुद्धा लिहून ठेवला.

सरप्राइज रविवारी आलं. पुन्हा कॅसेट. हॉलमध्ये पोह्यांचा वास, सिकंदराबादहून कोणी पाहुणे आलेले, नवरा-बायको, पण बरोबर मुलगी दिसेना. मी नेहमीप्रमाणे खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, बोट बटणावर ठेवलं.

काका म्हणाले, "मंजे, आज तू तिकडे नको. आज तू इकडे, समोर बस."

मी आईकडे बघितलं. आई माझ्या साडीच्या निऱ्यांकडे बघत होती. सकाळपासून ती मला साडी नेस, साडी नेस करत होती, ते आता कळलं.

मुकुंद नावाचा मुलगा. दादाचा रूममेट. शिकून तिकडेच नोकरीला लागला. समोर त्याचे आई-वडील.

"तुला जायचंच होतं ना अमेरिकेला?" काका म्हणाले. आवाजात खरंच माया होती. "मग आता जा. शिकायला कशाला, राहायलाच जा. विश्वासने तुझं किती बघितलं बघ."

खरं सांगते, क्षणभर मला तो बर्फ दिसला. लाइटिंगची गल्ली दिसली, आणि गल्लीतून चालणारी मी दिसले. त्या गल्लीसाठी मी महिनाभर जळत होते. नुसती मान हलवायची होती. व्हिसा, तिकीट, सगळं आपोआप झालं असतं. मग लक्षात आलं, की या चित्रात मी मुकुंदच्या मागून चालतेय, त्याच्या पिशव्या धरून.

बाबा खुर्चीमागे माझ्या जागी जाऊन उभे राहिले. त्यांनी प्ले दाबलं.

"नमस्कार," मुकुंद म्हणाला. मागे घंटा होत्याच. "मी मुकुंद. विश्वास म्हणतो, तुम्हाला अमेरिकेची फार हौस आहे."

मागे दादा हसला. तो हसणारच. मी ते हसणं लहानपणापासून ओळखते.

"स्वयंपाक तर येतच असेल, म्हणून ते विचारत नाही. शिक्षणाचं आपण नंतर बघू. इथे थंडीत घरी बसायची सवय आहे का?"

बाबांनी पॉज दाबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुकुंदच्या आईने मला धीर द्यावा म्हणून मान हलवली. बरी बाई होती.

मी उठले. टू-इन-वनपाशी गेले. बाबांचा हात हळूच बाजूला केला. बाबांनी तो करू दिला. मग पॉज काढून प्लेचं आणि त्याच्या शेजारचं रेकॉर्डिंगचं लाल बटण, दोन्ही एकदम दाबली.

"मी मंजिरी," मी माइकच्या जाळीजवळ वाकून म्हटलं. "उत्तर नाही असं आहे. मुकुंदराव, तुमच्याविरुद्ध माझं काही नाही, मी तुम्हाला ओळखतही नाही. मी तिकडे येणार आहे, पण माझ्या ॲडमिशनवर, शिकायला. फॅक्स उद्या सकाळी जाईल, आणि पद्मजाच्या नानांबरोबर मी मद्रासला जाईन. दादा, तू स्कीइंग करून ये, नाहीतर तिथेच राहा. तुझ्यासाठी मी आता थांबणार नाही."

काका ताडकन उठले. एक बोट वर केलं, तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. लाल बटण दाबलेलंच होतं. कॅसेटच्या खिडकीत टेप फिरत होती.

काकांनी तोंड मिटलं. बोट तसंच राहिलं. काकूने हातातली पोह्यांची बशी अलगद, आवाज होऊ न देता, खाली ठेवली.

टेपची बाजू संपून बटणं खटकन आपोआप वर आली, तोपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.